ओढ्यातले मासे घरी आणण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा. दोन वर्षांपूर्वी नाशिकहून ओहायोतल्या कोलंबसला आलेल्या एका ताईंच्या नऊ वर्षांच्या लेकीनं आज सकाळी घरामागच्या ओढ्यात जाळी घालून चार छोटे मासे पकडले. ते बादलीत, गॅरेजमध्ये आहेत. घरात गप्पींसाठी घेतलेली दहा गॅलनची टाकी आणि हीटर आहे. हे मासे कुठले, पाळता येतील का, खायला काय घालायचं आणि नाहीच जमलं तर परत ओढ्यात सोडता येतील का, असं त्यांनी विचारलंय. सोबत फोटो आहेत.

ताई, बाकी सगळं नंतर, आधी बादली. तिच्यात फक्त ओढ्याचंच पाणी असेल, नळाचं किंवा टाकीतलं पाणी, दुकानातून आणलेली पाणवनस्पती यातलं काहीही पडलेलं नसेल आणि जाळीही गप्पींच्या टाकीत कधी बुडवलेली नसेल, तर चारही मासे आज उजेड आहे तोवर जिथून धरले तिथंच सोडून या. पुलाच्या पलीकडे नको, सोसायटीच्या तळ्यात तर अजिबात नको. तोच खळाळ, तोच काठ. तोवर बादली सावलीत ठेवा, वर जाळीचं झाकण घाला आणि खायला काही टाकू नका. हवेचा पंप लावणार असाल तर नळी आणि तिच्या टोकाचा बुडबुडे सोडणारा दगड नवे हवेत, गप्पींच्या टाकीतले नकोत. ओढ्यावर गेल्यावर बादली पंधरा-वीस मिनिटं उथळ पाण्यात उभी करा, म्हणजे आतलं-बाहेरचं तापमान एक होईल. मग ती हळूच आडवी करा, मासे आपले आपण निघून जातील. लेकीला वाईट वाटेल, पण तिला सोबत न्याच. सुटल्यावर तो रंगीत मासा क्षणात गोट्यांमध्ये कसा दिसेनासा होतो ते तिनं पाहायला हवं.

आता ते चार कोण ते सांगतो. निळे आणि केशरी तिरपे पट्टे असलेला तो रेनबो डार्टरचा नर. पोटाखालच्या मागच्या परातही केशरी दिसतंय, त्यावरून ओळखला. त्याच्याच भावकीतल्या ऑरेंजथ्रोट डार्टरच्या त्या परात केशरी नसतं. शेजारची मातकट, ठिपक्यांची, बहुधा मादी. लांबट, चंदेरी आणि पाठीवरच्या पराच्या पुढच्या मुळाशी काळा डाग असलेला तिसरा, तो क्रीक चब. आज बोटाएवढा आहे, पण तो वीतभर आणि त्याहूनही मोठा होतो. चौथा, मोठ्या तोंडाचा हिरवट मासा ग्रीन सनफिशचं पिल्लू आहे. चौघांना एका टाकीत ठेवलंत तर महिन्या-दोन महिन्यांत सनफिश एकटा उरेल. तो वाईट नाही, त्याचा स्वभावच तसा. एकट्यानं मोठ्या टाकीत ठेवला तर तो माणूस ओळखतो, काचेशी येऊन बसतो. पण दोन इंचांच्या डार्टरसोबत त्याला ठेवणं म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्यात मुंगूस सोडणं.

मी या शहरात एकोणीस वर्षं आहे. त्यातली सोळा वर्षं तळघरात इथलेच मासे पाळतोय. हे लांबलचक लिहितोय कारण तुमचा प्रश्न मला दरवर्षी एप्रिल-मेमध्ये कुणी ना कुणी विचारतं आणि बहुतेकांनी तोवर मासे टाकीत घातलेले असतात.

सगळ्यात मोठा गैरसमज हीटरचा. आपण लहानपणापासून पाहिलेले टाकीतले मासे, गप्पी, मॉली, एंजल, सगळे उष्ण प्रदेशातले, त्यामुळे टाकी म्हटली की हीटर आलाच असं डोक्यात बसलंय. डार्टर हा थंड, वाहत्या, उथळ पाण्यातला मासा. हिवाळ्यात त्याच्या डोक्यावर बर्फाचा थर असतो. पंधरा अंश सेल्सियसच्या पाण्यात लिटरमागे साधारण १० मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर सत्तावीस अंशांना जेमतेम ८. उलट पाणी तापलं की माशाचं शरीर जास्त प्राणवायू मागतं. म्हणजे मागणी वाढते तेव्हाच पुरवठा घटतो. ओढ्यात खळाळाचं पाणी सतत फेसाळत असतं म्हणून निभावतं, टाकीत साचलेलं पाणी असतं.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. पहिल्या वर्षी सहा डार्टर आणले आणि हौसेनं हॉलमध्ये, पश्चिमेच्या खिडकीशी टाकी मांडली. हीटर काढला तेवढं केलं. चार जुलैच्या सुट्टीला तीन दिवस शिकागोला गेलो आणि वीज वाचावी म्हणून एसी ८२ फॅरनहाइटवर ठेवून गेलो. परतलो तेव्हा टाकीतलं पाणी २९ अंश सेल्सियस होतं आणि चार मासे मेलेले. उरलेले दोन पाण्याच्या पृष्ठाशी, फिल्टरच्या धारेला तोंड लावून कल्ले हलवत होते. कधीच वर न येणारा तळचा मासा वर आला की समजावं, त्याला श्वास पुरत नाहीये. त्यातला एक वाचला. त्या आठवड्यात टाकी तळघरात गेली, ती आजतागायत तिथंच आहे.

तुमच्याकडेही तळघर आहे असं लिहिलंय, तर अर्धं काम झालं. जमिनीवर नव्हे, भक्कम स्टँडवर, वीस गॅलनची आडवी टाकी घ्या: तीस इंच लांब, बारा रुंद, बारा उंच. उंच टाकी पाहुण्यांना छान दिसते, पण डार्टरला उंचीचा काही उपयोग नाही, त्याला तळ हवा. दहा गॅलनच्या टाकीत मी डार्टर ठेवणार नाही. तळाला बारीक गोल खडी आणि वाळू, तिच्यावर सुपारीपासून मुठीएवढे गोटे आणि दोन-तीन चपटे दगड असे टेकवा की खाली बोटभर फट राहील. एका टोकाला फिल्टर आणि जोडीला छोटा प्रवाह पंप, त्याचं तोंड टाकीच्या लांबीच्या दिशेनं. तुम्हाला प्रवाह जास्त वाटेल, डार्टरला नाही. दुसऱ्या टोकाला मोठ्या दगडाआड थोडी शांत जागा ठेवा, दमला की तो तिथं टेकतो. आणि झाकण विसरू नका.

टाकी मांडली म्हणजे लगेच मासे नाहीत. माशाच्या मूत्र-विष्ठेतून अमोनिया होतो, एका जातीचे जिवाणू त्याचा नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचा नायट्रेट. पहिले दोन्ही विषारी, तिसरा बराच सौम्य. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात आणि थंड पाण्यात आणखी सावकाश वाढतात. रिकाम्या टाकीत थोडा थोडा अमोनिया घालत राहा, चाचणीच्या थेंबांनी मोजत राहा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही चोवीस तासांत शून्यावर येऊ लागले की टाकी पिकली. नाशिकला आपण नळाचं पाणी रात्रभर बादलीत ठेवून वापरायचो आणि चालायचं, कारण क्लोरीन उडून जातो. इथं अनेक शहरांच्या पाण्यात क्लोरामाइन असतं आणि ते असं उडत नाही. पाणी बदलताना प्रत्येक वेळी क्लोरीन मारायचं औषध घालायचंच.

पाण्याच्या जडपणाची मात्र काळजी नको. मध्य ओहायोच्या पोटात चुनखडी आहे, इथल्या ओढ्यांचं पाणी जडच आणि मासे त्यातच वाढलेले.

खाण्याचं आता. पहिल्या वर्षीचा माझा दुसरा धडा हा होता की डार्टर फ्लेक्स खात नाही. पापडाच्या चुऱ्यासारखे ते तुकडे त्याच्या समोरून जातात आणि तो त्यांना अन्न समजतच नाही. तो नजरेनं शिकार करणारा मासा, हललं तर खाणार. गोठवलेल्या ब्लडवर्मची वडी वाटीभर पाण्यात विरघळवा आणि लांब ड्रॉपरनं प्रवाहाच्या तोंडाशी सोडा. मग काचेला नाक लावून बघा. डार्टरला वाताशय, म्हणजे पोटातली हवेची पिशवी, नसते किंवा अगदी नावापुरती असते, त्यामुळे तो तरंगत नाही, दोन्ही छातीच्या परांवर कोपर टेकल्यासारखा दगडावर बसतो. लाल अळी वाहत आली की शरीर तसंच ठेवून आधी डोळे वळवतो, मग मान वळल्यासारखं डोकं, मग एक उडी. अळी ओठांतून आत जाते आणि तो पुन्हा त्याच दगडावर येऊन बसतो. सोळा वर्षं झाली, हे पाहताना माझा चहा अजून गार होतो. आठवड्यातून एकदा जिवंत ब्लॅकवर्म मिळाले तर उत्तम. पोट आत गेलेला डार्टर दिसला तर रोगाचं औषध शोधण्याआधी त्याला खायला मिळतंय का ते पाहा. चपळ चब सगळं वरच्या वर फस्त करतात आणि तळचा उपाशी राहतो, असं नेहमी होतं.

कायद्याचं नीट ऐका. तुमची लेक नऊ वर्षांची आहे, पण ओहायोत सोळा वर्षांपासून पुढे प्रत्येकाला मासेमारीचा परवाना लागतो आणि जाळीचं दुसरं टोक तुमच्या हातात असेल तर तुम्हीही मासेमारीच करताय. गळानं धरायच्या माशांचे नियम वेगळे, आमिषाच्या छोट्या माशांचे वेगळे, जाळीच्या मापाचे वेगळे. सनफिशचं कुळ सहसा गळाच्या माशांत मोडतं, ते जाळीनं धरून घरी नेणं अनेक राज्यांत चालत नाही. उद्यानांच्या हद्दीत सहसा काहीच उचलता येत नाही, राष्ट्रीय उद्यानात तर मुळीच नाही. हे नियम राज्य बदललं की बदलतात आणि वर्ष बदललं की पुन्हा वाचावे लागतात. म्हणून माझं ऐकून जाऊ नका, तुमच्या काउंटीच्या वाइल्डलाइफ ऑफिसरला फोन करा, या ओढ्यातून या जातीचे इतके मासे घरच्या टाकीसाठी नेऊ का, असं सरळ विचारा. मी दर दोन वर्षांनी विचारतो आणि मला नेहमी नीट उत्तर मिळालंय. एका राज्यात नियम मोडून घेतलेला मासा दुसऱ्या राज्यात नेला की १९०० सालचा लेसी कायदा लागू होतो आणि प्रकरण केंद्राकडे जातं. व्हिसावर राहणाऱ्या माणसानं तर ही वेळ येऊच देऊ नये.

त्यातही जात ओळखता आल्याशिवाय मासा उचलायचा नाही. रेनबो डार्टर ओहायोत मुबलक आहे, पण त्याचाच चुलत भाऊ स्पॉटेड डार्टर राज्याच्या संकटग्रस्त यादीत आहे. नवख्या नजरेला मादी-मादी सारख्याच दिसतात. म्हणून लेकीसाठी माझी सूचना अशी: यंदाचं वर्ष एकही मासा घरी आणू नका. ॲक्रिलिकचा चपटा पारदर्शक डबा मिळतो, एका बोटाच्या रुंदीचा. मासा धरायचा, ओढ्याच्याच पाण्यासकट डब्यात घ्यायचा, बाजूनं फोटो काढायचा, मिनिटाभरात सोडायचा. वहीत तारीख, पाण्याचं तापमान, जागा. माझी मुलगी त्या वयात असं करायची आणि एका उन्हाळ्यात आमच्या ओढ्यातल्या सतरा जाती तिनं नावानिशी ओळखल्या. उत्तर अमेरिकेच्या देशी माशांसाठी १९७२ पासून चालणारी नान्फा नावाची हौशी लोकांची संघटना आहे. फोटो ओळखून द्यायला तिथली माणसं मनापासून मदत करतात.

आणखी एक कारण आहे थांबण्याचं. मी मूळचा रायगडचा. आमच्याकडे पहिल्या पावसात मासे अंड्यांनी भरलेले, ओढ्यांतून शेतांकडे उलटे चढतात. त्याला वलगण म्हणतात, कोकणात खाली चढणीचे मासे. लहानपणी सगळं गाव कंदील घेऊन निघायचं, मीही निघालोय. आजी मात्र एवढंच म्हणायची की पोटुशी मासळी पहिल्या दिवशी धरू नये. तुमच्या फोटोतला नर इतका झगमगीत आहे तो यासाठीच की एप्रिल-मे हा त्याचा विणीचा हंगाम. मादी खळाळातल्या खडीत अंग रोवून अंडी घालते. आज तो नर बादलीत नेला तर त्या खळाळातली यंदाची काही पिढीच कमी होते. धरायचेच असतील तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. पाणी थंड असतं, प्रवासात मासे दगावत नाहीत आणि त्याच वर्षीची पिल्लं मिळतात, जी गोठवलेलं खाणं मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात. एक नर, तीन माद्या, बस्स. आणल्यावर महिनाभर वेगळ्या टबमध्ये ठेवा, पांढरे ठिपके, चिकटलेले जंत दिसतात का बघा. अंगात रुतलेले काळे बारीक ठिपके मात्र पाहून घाबरू नका. त्या कृमीला पुढच्या टप्प्यासाठी गोगलगाय आणि मासेखाऊ पक्षी लागतो, टाकीत तो पसरत नाही.

तुमचा शेवटचा प्रश्न, परत सोडता येतील का. नाही. आज बादलीतून ओढ्यात, ही मुभा आजच्यापुरतीच. मासा एकदा टाकीच्या पाण्याला लागला, दुकानातल्या गप्पीच्या शेजारी राहिला, की तो कायमचा तुमचा. गप्पी बाहेरून आलेले असतात, त्यांच्या सोबतीचे जंत आणि जिवाणू ओढ्यातल्या माशांनी कधी पाहिलेले नसतात. निरोगी दिसणारा मासाही ते घेऊन जातो. इथल्या मोठ्या सरोवरांमध्ये २००५ च्या सुमारास रक्तस्रावाचा एक विषाणू सापडला आणि त्यानंतर जिवंत मासे एका पाण्यातून दुसरीकडे नेण्यावर कडक बंधनं आली.

आपल्याकडची मरळ तुम्हाला माहीत असेल. तिच्याच कुळातला चीनकडचा एक मासा २००२ मध्ये मेरीलँडच्या क्रॉफ्टन गावातल्या तळ्यात सापडला. कुणीतरी न्यू यॉर्कच्या बाजारातून दोन जिवंत आणले होते, मोठे झाल्यावर तळ्यात सोडले. तपासात पिल्लंही सापडली आणि शेवटी सरकारनं तळ्यात विष घालून सगळेच मासे मारले. त्याच वर्षापासून मरळीचं अख्खं कुळ जिवंत आयात करायला या देशात बंदी आहे. उलटा प्रवासही झालाय: डासांसाठी भारतात विहिरी-तळ्यांत सोडलेला गंबुसिया मूळचा अमेरिकेचा. तो जिथं जिथं गेला तिथल्या छोट्या माशांची अंडी-पिल्लं खात बसला.

कोलंबसच्या पश्चिमेला अर्ध्या तासावर बिग डार्बी नावाचा ओढा आहे. एकदा लेकीला घेऊन जा. सायोटो मॅडटम नावाचा बोटाएवढा मार्जारमासा, आपल्या शिंगाळ्याच्या दूरच्या नात्यातला, जगात फक्त त्या एका ओढ्यात सापडला. आजवर एकूण १८ मासे मिळाले, शेवटचे १९५७ मध्ये. २०२३ मध्ये तो नामशेष म्हणून जाहीर झाला. त्या पाण्यात गुडघाभर उभा राहिलो की मला दरवेळी त्याची आठवण येते, आणि मग जाळीतून वर आलेला साधा डार्टरसुद्धा मी दोन्ही हातांनी धरतो.

टाकीमुळे काही वाचतही नाही असं नाही. टेनेसीत स्मोकी पर्वताच्या एब्रम्स क्रीकमध्ये १९५७ मध्येच, ट्राउटची सोय व्हावी म्हणून, विष घालून इतर मासे मारले होते. तिथला स्मोकी मॅडटम संपला असंच सगळ्यांना वाटलं. १९८० मध्ये तो शेजारच्या सिटिको क्रीकमध्ये सापडला. नॉक्सव्हिलची कन्झर्व्हेशन फिशरीज ही संस्था तिथून अंडी आणून टाक्यांमध्ये पिल्लं वाढवून पुन्हा एब्रम्समध्ये सोडत आली. पण त्यांच्या हातात परवाने असतात, रोगतपासणी असते, कुठल्या ओढ्याचा वंश कुठे जाईल याची नोंद असते. तुमच्या-माझ्या टाकीतल्या पिल्लांना तो रस्ता नाही.

तरी पिल्लं होण्याचा आनंद खराच. माझ्याकडे फॅनटेल डार्टर आहेत, दिसायला अगदी साधे, मातकट. हिवाळ्यात तळघराची खिडकी किलकिली ठेवून पाणी दहा अंशांपर्यंत उतरवतो, मार्चमध्ये हळूहळू वाढू देतो. मग नर चपट्या दगडाखालची जागा साफ करतो. त्याच्या पाठीवरच्या पराच्या काट्यांच्या टोकांना पिवळसर गाठी असतात, हुबेहूब अंड्यांसारख्या. दगडाखाली आधीच अंडी आहेत असं पाहून मादी तिथंच घालते, असं मानतात. दोघं उलटे होऊन दगडाच्या खालच्या अंगाला अंडी चिकटवतात, मादी निघून जाते आणि नर दोन-तीन आठवडे तिथून हलत नाही. पाठीनं अंडी पुसत राहतो, बुरशी आलेलं अंडं बाजूला काढतो. टॉर्चचा उजेड पडला तरी जागा सोडत नाही.

तोवर तुमची दहा गॅलनची टाकी आणि हीटर वाया घालवू नका. आग्नेय अमेरिकेच्या दलदलीतला लीस्ट किलीफिश म्हणून मासा आहे, नर दोन सेंटिमीटर, मादी तीन, पिल्लं जिवंत घालणारा. बावीस-चोवीस अंश चालतात, शेवाळ-पानांची गर्दी आवडते, बारीक चुराही खातो. टाकीत वाढवलेलीच जोडी विकत घ्या, रानातली नको. गप्पी सांभाळलेल्या लेकीला तो अवघड जाणार नाही, आणि तोही याच देशातला.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. तुम्ही भारतात कधी जाता? जून-जुलैत महिनाभर जात असाल तर डार्टरसाठी कुणीतरी दिवसाआड येऊन गोठवलेलं खाणं घालणारं हवं, फ्लेक्सचा आपोआप चालणारा डबा त्याच्या कामाचा नाही. डिसेंबरात जात असाल तर सोपं. पाणी बारा-चौदा अंशांवर असतं, भूक मंदावलेली असते, आठवड्यातून दोनदा खायला घातलं तरी निभतं. सध्या तळघरात थर्मामीटर ठेवा, जूनपासून ऑगस्टपर्यंत दर रविवारी दुपारचा आकडा लिहा आणि मला पाठवा. बावीसच्या वर जात नसेल तर ऑक्टोबरला जाळी घेऊन आपण सोबत जाऊ. वर जात असेल तर आधी टाकीची जागा बदलू.